उरलेले ट्रे

डॉ. मंजुळा तिरोडकर यांना घाईघाईने केलेल्या निदानाचा भयंकर राग होता. एखाद्या सर्जनने फोन करून "मॅडम, कॅन्सरच आहे ना?" असं विचारलं, की त्या त्याला फोनवरच झापायच्या. मायक्रोस्कोपखाली काच बघितल्याशिवाय मी देवाचंही ऐकत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अशा या बाईंनी स्वतःचं निदान मात्र कसलीही तपासणी न करता, घरी चहा पिता पिता उरकून टाकलं होतं. वर त्याची कुणाकडे वाच्यताही केली नव्हती, अगदी नवऱ्याकडेही नाही.

निदान एवढंच होतं, की आईला जे झालं तेच आता आपल्याला होतंय.

त्यांची आई कळव्याच्या शाळेत मराठी शिकवायची. पेपर तपासायला तिच्यासारखी चपळ बाई अख्ख्या शाळेत नव्हती. पण पंचावन्न-छप्पन्नच्या सुमाराला तिला वेळ लागायला लागला. आधी दोन संध्याकाळींत संपणारा गठ्ठा आठवडाभर दिवाणावर पडून राहायचा. मुलींनी तेव्हा थट्टाच केली होती. मग हळूहळू आई दुधाचे पैसे दोनदा द्यायला लागली, शाळेच्या रस्त्यावर चुकायला लागली, आणि शेवटी तर मुलींच्याच घरी येऊन "तुमची आई कुठे गेली?" असं विचारायला लागली. पण सुरुवात त्या गठ्ठ्यापासून झाली होती, हे मंजुळाबाईंच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आणि आता त्या स्वतः छप्पन्न वर्षांच्या होत्या, आणि त्यांनाही वेळ लागत होता.

पॅथॉलॉजिस्ट म्हटलं की लोकांना रक्त-लघवीचा रिपोर्ट आठवतो. मंजुळाबाईंचं काम त्यातलं नव्हे. ठाण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन करून काढलेला शरीराचा तुकडा, मग तो पित्ताशय असो, अपेंडिक्स असो की स्तनाची गाठ, खाली त्यांच्या लॅबमध्ये यायचा. तिथे त्याचे पातळ काप व्हायचे, ते काचांवर चढवून रंगवले जायचे, आणि त्या काचा मायक्रोस्कोपखाली बघून हे साधं की वाईट ते सांगायचं काम त्यांचं आणि आणखी तीन डॉक्टरांचं. सर्जन टाके घालून मोकळा होतो. पेशंटचं पुढचं आयुष्य मात्र या काचांवर काय दिसतंय त्यावर ठरतं. त्यामुळे चुकून चालत नाही, आणि या कामाला मान खाली घालून बसायची सवय लागते.

लॅबमध्ये एक जुनी पद्धत होती. गुणाजी, म्हणजे तिथला मदतनीस, तयार काचा पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये लावून सकाळी लांब टेबलावर मांडून ठेवायचा. जो डॉक्टर येईल त्याने आपल्या वाट्याचे ट्रे उचलायचे आणि आपल्या खोलीत जायचं. ट्रे सगळ्यांना सारखे. यात कुणाला कधी खोट दिसली नाही, कारण मोजून सारखे वाटलेले ट्रे म्हणजे सारखं वाटलेलं काम, हे शाळेतलं पोरही सांगेल.

तर, ट्रे सारखे आणि तरी मंजुळाबाईंचं काम उरायचं. डॉ. अमृता डोंबिवलीहून यायची आणि दुपारी तीनच्या आत हात धुऊन मोकळी व्हायची. सगळ्यांत धाकटा डॉ. यज्ञेश कळव्याला राहायचा, तोही चारपर्यंत बॅग पाठीला लावायचा. स्वतः विभागप्रमुख डॉ. हरिहर मीटिंगा सांभाळून आपले ट्रे संपवायचे. मंजुळाबाई मात्र संध्याकाळी झाडूवाली येईपर्यंत मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलेल्या. तीन वर्षांपूर्वी असं नव्हतं. तेव्हा त्याही कळव्यातच राहायच्या, खाडीवरचा पूल ओलांडला की हॉस्पिटल, आणि त्यांच्याइतकं झटपट काम कुणाचंच नव्हतं. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये चोविसाव्या मजल्यावर राहायला गेल्यापासून हे सुरू झालं. पण माणसाला वय वाढलेलं आठवतं, घर बदललेलं आठवत नाही.

आणि त्यात हे मोजमाप आलं.

त्याला कारणीभूत झाले डॉ. हरिहर. काम झेपत नाही, आणखी एक डॉक्टर द्या, म्हणून त्यांनी व्यवस्थापनाच्या मागे भुणभुण लावली होती. व्यवस्थापन म्हणालं, आधी कोण किती काम करतं ते मोजू. त्यासाठी त्यांनी सुदेश नावाचा एक तरुण इंजिनिअर खाली धाडला. पस्तिशीचा, शर्ट खोचलेला, बोलायला गोड. तो प्रत्येक डॉक्टरच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचा आणि टॅबवर काहीतरी टिपायचा.

मंजुळाबाईंच्या खोलीत तो आला तेव्हा त्यांना तो नकोसाच वाटला. तरी त्यांनी चहा मागवला.

"आधी कुठे होतात?" त्यांनी विचारलं.

"डोंबिवलीला, एमआयडीसीत. केमिकल कंपनी होती मॅडम. तिकडे मी शिफ्टला किती ड्रम भरले ते मोजायचो. कुठला माणूस किती भरतो, कुठे टाइम जातो, सगळं. इकडे पण सेमच आहे, ड्रमच्या जागी केस."

"म्हणजे आम्ही दिवसाला किती पेशंटचे रिपोर्ट सही करतो ते?"

"करेक्ट. टेन्शन नका घेऊ मॅडम, मी बसलोय असं समजूच नका."

असं म्हणणारा माणूस शेजारी बसलेला असताना टेन्शन न घेणं कुणाला जमलंय? त्या दिवशी मंजुळाबाईंनी एका स्तनाच्या कॅन्सरच्या केसवर अर्धी सकाळ घालवली. काखेतल्या गाठी होत्या, एकेक गाठ पालथी घालावी लागते. एखाद्या कोपऱ्यात चार-दोन पेशी लपून बसलेल्या असल्या आणि त्या नजरेतून सुटल्या, तर त्या बाईचे उपचारच बदलतात. शेजारी सुदेश घड्याळ बघत होता, आणि मंजुळाबाई काच दोनदा बघत होत्या. तिसऱ्यांदाही बघावीशी वाटली तेव्हा त्यांना आई आठवली, एकच पेपर पुन्हा पुन्हा उघडणारी.

मोजणीचा आठवडा संपला होता. आकडे अजून जाहीर व्हायचे होते, पण लॅबमध्ये कुठली गोष्ट लपून राहत नाही. शुक्रवारी दुपारी डॉ. हरिहरांच्या केबिनमध्ये सुदेश सगळं मांडणार होता. मंजुळाबाईंचा आकडा सगळ्यांत खाली आहे, अमृताच्या निम्माही नाही, हे बुधवारीच त्यांच्या कानावर आलं. ज्याचा आकडा खाली त्याला काचांवरून काढून हॉस्पिटलच्याच कल्याणच्या केंद्रावर रक्ताच्या रिपोर्टांवर सह्या करायला पाठवतील, अशीही कुजबुज होती. खरं सांगायचं तर कल्याणला जायचं मंजुळाबाईंना काही वाटलं नसतं. त्यांना भीती होती ती निकालाची. आजवर जे फक्त त्यांना एकट्यांना माहीत होतं ते आता चार लोकांसमोर आकड्यांनी सिद्ध होणार होतं, आणि एकदा ते सिद्ध झालं की पुढे आईचंच सगळं ओळीने येणार होतं. दुधाचे पैसे, चुकलेला रस्ता, आणि शेवटी लेकीलाच तिची आई कुठे गेली म्हणून विचारणं.

बुधवारी संध्याकाळी त्या घरी गेल्याच नाहीत. नवऱ्याला फोन करून सांगितलं, ताईकडे जातेय, आणि गाडी हॉस्पिटलातच ठेवून लोकलने डोंबिवलीला उतरल्या.

मालनताई त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. फडके रोडच्या मागच्या गल्लीत तिचा दोन खोल्यांचा फ्लॅट, एकटीच राहायची. मंजुळाबाई पोचल्या तेव्हा ती पेपरातलं शब्दकोडं मांडीवर घेऊन बसली होती, चष्मा कपाळावर आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. बहिणीला बघून तिने पेपर पटकन उशीखाली सारला.

"अगं, न कळवता? भाजी काही नाहीये हं. पिठलं टाकते."

पिठलं-भात खाताना मंजुळाबाईंनी एकदाचं सांगून टाकलं. गठ्ठ्याचं, आईचं, सुदेशचं, शुक्रवारचं. सांगता सांगता त्यांचे डोळे भरून आले. एवढी वर्षं दुसऱ्यांना वाईट बातम्या लिहून देणारी बाई, पण स्वतःचीच बातमी सांगताना तिने ताट बाजूला सारलं.

मालनताईने ताबडतोब धीर द्यायला हवा होता. पण तिने नुसता भात कालवला, पुन्हा कालवला, आणि मग इतकंच म्हणाली, "तू डॉक्टर ना गं? मग तपासून घे ना एकदाचं. असं मनात नको ठेवूस." आणि ताट उचलून आत गेली.

मंजुळाबाईंना जरा लागलंच. ताई असं तुटक कधी बोलायची नाही.

मालनताईकडे दिवस फार लवकर उजाडतो. पाणी भरणं, केर, देवपूजा, सगळं उरकून ती बहिणीला हलवायला आली, तेव्हा बाहेर नुकतं कुठे उजाडत होतं. पोहे खाऊन, स्टेशन गाठून मंजुळाबाई गुरुवारी लॅबमध्ये शिरल्या, तर दिवे लावून गुणाजी ट्रे मांडत होता.

"मॅडम?" तो दचकलाच. "बरं आहे ना? इतक्या लवकर?"

"बहिणीकडून आले."

"तरीच. घोडबंदरवरून माणूस यावेळी येऊच शकत नाय."

गुणाजी गेला. मंजुळाबाई टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांना विचित्रच वाटलं. हे टेबल असं भरलेलं त्यांनी गेल्या तीन वर्षांत पाहिलेलं नव्हतं. रोज त्या कापूरबावडीच्या जॅममधून सुटून, घामाघूम होऊन यायच्या, तोवर बाकी तिघांचे ट्रे उचलून झालेले असायचे आणि टेबलावर फक्त त्यांच्या वाट्याचे उरलेले. ते काखोटीला मारून खोलीत जायचं, एवढंच त्यांना माहीत. आज सगळे ट्रे समोर होते. त्यांनी हात पुढे केला. हात कुणाच्याही सांगण्याशिवाय गेला तो सुटसुटीत, चिठ्ठ्या टोचलेल्या, एकेका पेशंटच्या एक-दोनच काचा असलेल्या ट्रेंकडे. पित्ताशय, अपेंडिक्स, टॉन्सिल, पुन्हा पित्ताशय. कडेला गच्च भरलेले काही ट्रे होते. एकेक ट्रे एकाच पेशंटचा. त्यांकडे त्यांनी नीट पाहिलंही नाही.

खोलीत जाऊन त्या कामाला लागल्या. पित्ताशय बघायला कितीसा वेळ लागतो? सूज आहे, खडे होते, वाईट काही नाही, सही. अपेंडिक्स, सही. एका काचेवर थबकल्या, दोनदा पाहिली, सही. मध्येच चहा झाला. मग पुढचा ट्रे घ्यायला त्यांनी हात लांबवला, तर पुढचा ट्रेच नव्हता.

त्यांना वाटलं, काहीतरी विसरलो. झालं, आता विसरायलाही लागलो! टेबलाखाली बघितलं, कपाटावर बघितलं, गुणाजीला हाक मारली. गुणाजी म्हणाला, "सगळे आणलेत तुम्ही मॅडम. संपले असतील." मंजुळाबाईंनी सही केलेले सगळे रिपोर्ट पुन्हा उघडून, काचा पुन्हा लावून बघितल्या. एकही चूक नव्हती. जेवायला अजून अवकाश होता आणि त्यांचं दिवसभराचं काम उरकलं होतं.

असं का झालं, ते त्यांच्या लगेच ध्यानात आलं नाही. आज बरा दिवस असेल, आईलाही मधूनच बरे दिवस यायचे, असं त्यांनी मनाशी म्हटलं. एखादं निदान डोक्यात घट्ट बसलं की माणूस उलटा पुरावाही त्याच्याच बाजूने लावतो, हे त्या स्वतःच ज्युनिअर डॉक्टरांना शिकवायच्या.

चार वाजून गेल्यावर त्या यज्ञेशच्या खोलीपाशी आल्या. त्याला आज सकाळी उशीर झाला होता. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, तिला कल्याणच्या दवाखान्यात सोडून तो सगळ्यांत शेवटी पोचला होता. एरवी या वेळी त्याची बॅग पाठीवर असायची. आज तो मायक्रोस्कोपसमोर दोन्ही हातांनी डोळे चोळत बसला होता, आणि समोर अजून दोन ट्रे जसेच्या तसे पडलेले.

"काय रे, अजून आहेस?"

यज्ञेशने वर पाहिलं. चेहरा उतरलेला.

"मॅम, आज मला काय झालंय काय माहीत. सकाळपासून बसलोय, संपतच नाहीये. दोन-दोनदा बघतोय एकेक काच. डोकंच चालत नाहीये माझं."

मंजुळाबाई दारातच उभ्या राहिल्या. बत्तीस वर्षांचा मुलगा, जिममध्ये जाणारा, गेल्याच महिन्यात मॅरेथॉन पळून आलेला. डोकंच चालत नाहीये. शब्द न शब्द त्यांच्या मनातले! त्यांनी त्याच्या ट्रेकडे पाहिलं. आतड्याचा कॅन्सर, स्तनाचा कॅन्सर, जबड्याचा कॅन्सर, गाठीच गाठी. सकाळी टेबलाच्या कडेला त्यांनीच सोडून दिलेले गच्च ट्रे.

आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"मॅम?" यज्ञेश घाबरून उठला. "काय झालं?"

"काही नाही रे बाबा. तुला काहीही झालेलं नाही. आज तू उशिरा आलास, बस्स."

"हो, पण मी सांगितलेलं ना सरांना..."

"अरे, तसं नाही. जो शेवटी येतो त्याला हे ट्रे मिळतात. मी तीन वर्षं शेवटी येतेय!"

यज्ञेशला कळायला क्षणभर लागला. मग त्याने आपल्या ट्रेकडे पाहिलं, मंजुळाबाईंकडे पाहिलं, आणि खजील होऊन म्हणाला, "म्हणजे रोज तुम्ही हे...? मॅम, मी कसम से मुद्दाम नाही. समोर असतात ते उचलतो."

"ठाऊक आहे मला. आज मीही तेच उचलले."

हे त्यांनी अगदी मनापासून म्हटलं. कुणी त्यांच्याविरुद्ध कट केला नव्हता. अमृता वाईट नव्हती, यज्ञेश तर मुळीच नाही. तीन वर्षांपूर्वी हॉस्पिटलात कॅन्सरच्या ऑपरेशनांचा विभाग सुरू झाला, घोडबंदर रोडवर मेट्रोचे खांब उभे राहिले, आणि या दोन गोष्टींची गाठ एका टेबलावर पडली, एवढंच. रोज तेच ट्रे समोर आल्यामुळे सगळ्यांनाच असे येत असतील असं त्या धरून चालल्या. या बाईला जगातल्या सगळ्या गाठी ओळखता येत होत्या, पण ही ओळखायला तीन वर्षं लागली.

सुदेश वरच्या मजल्यावर उद्याच्या मीटिंगची तयारी करत होता. मंजुळाबाईंनी त्याला हाताला धरून खाली आणलं म्हटलं तरी चालेल. यज्ञेशच्या खोलीत एक दुहेरी मायक्रोस्कोप होता, दोघांना एकदम बघता येईल असा. त्यांनी त्याला समोरच्या बाजूला बसवलं.

"बघा आत. काय दिसतं?"

"गुलाबी-जांभळं काहीतरी. भारी आहे मॅडम."

"ही एक गाठ. हिच्यात नको असलेली पेशी कुठे लपलीय का ते शोधायचं. कोपरान् कोपरा. चला."

सुदेश बघायला लागला. मंजुळाबाई काच पुढे पुढे सरकवत होत्या, न बोलता. एक गाठ झाली, दुसरी झाली, तिसरीत त्याने मान चोळली.

"अजून किती?"

"या काचेवर अजून तीन. अशा काचांनी भरलेला हा अख्खा ट्रे. हा सगळा मिळून तुमच्या टॅबवर किती?"

"एक केस."

"आणि एका काचेचं पित्ताशय?"

सुदेशने डोळे मायक्रोस्कोपवरून काढले. जरा वेळ त्याने ट्रेकडे बघितलं, मग दुसऱ्या ट्रेकडे.

"ते पण एक," तो हळूच म्हणाला. "मॅडम, ड्रम सगळे सेम साइजचे असतात हो. म्हणून मोजता येतात." मग कपाळावर हात मारून म्हणाला, "मी तर फुल टू वाट लावलेली तुमची! उद्या मांडलं असतं ना हे!"

"म्हणून तर आणलं तुम्हाला."

"थांबा. मला फक्त एवढं सांगा, कुठल्या प्रकारच्या केसला किती मेहनत. पित्ताशय एक धरलं तर हे किती?"

त्यावर मंजुळाबाई, यज्ञेश आणि आज उशिराने घरी निघालेली अमृता असे तिघं तिथेच उभ्या उभ्या वाद घालायला लागले. हे आठ, छे गं, दहा तरी, आणि जबड्याचं बारा. डॉक्टरांना एकमेकांशी भांडायला इतकी मजा कधी आली नव्हती. वाद घालता घालता अमृताच्या लक्षात सगळा प्रकार आला आणि तिने खांद्यावरची पर्स खाली ठेवली.

"मॅडम, मी सगळ्यांत आधी येते," ती म्हणाली. "मी कधी विचारच नाही केला."

"मीसुद्धा नाही केला गं. तो आकडा सांग, दहा की बारा?"

शुक्रवारच्या मीटिंगचं फार सांगण्यासारखं नाही. सुदेशने जुनाच आठवडा नव्या मापाने मोजून आणला होता. त्यात सगळ्यांत वर नाव होतं डॉ. मंजुळा तिरोडकर, आणि तेही बऱ्याच अंतराने. डॉ. हरिहरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मंजुळा, तू कधी तक्रार का केली नाहीस?" त्यांनी विचारलं. या प्रश्नाचं खरं उत्तर त्या केबिनमध्ये देण्यासारखं नव्हतं. "मला वाटलं, मलाच वेळ लागतोय, सर," एवढंच त्या म्हणाल्या.

कल्याणचा विषय निघालाच नाही. उलट सगळ्यांचं मिळून काम इतकं निघालं, की आणखी एक डॉक्टर घेण्याला व्यवस्थापनाच्या माणसाने तिथेच मान डोलावली. आणि ट्रे उचलायची जुनी पद्धत बंद. यापुढे गुणाजीने केसचा प्रकार बघून आदल्या संध्याकाळीच नावाप्रमाणे ट्रे लावायचे. ते ऐकून दारात उभा असलेला गुणाजी पुटपुटला, "म्हणजे आता शिव्या मला." सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने मंजुळाबाई.

संध्याकाळी त्या माजिवड्याच्या पुलाखाली जॅममध्ये अडकल्या. पुढे बस, मागे बस, शेजारी एक सिमेंटचा मिक्सर फिरतोय. एरवी या जागी त्यांच्या तोंडून शिव्याच बाहेर पडायच्या. आज त्यांनी काच खाली केली, धूळ आत आली तरी केली, आणि मोठा श्वास घेतला. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्यांना आज समजत होतं. आईचं आईपाशी राहिलं होतं. आपलं डोकं ठीक आहे, हात ठीक आहे, नजर ठीक आहे. फक्त हा रस्ता ठीक नाही! त्या एकट्याच गाडीत हसल्या, आणि मग मालनताईला फोन लावला.

सगळं सांगून झाल्यावर त्या थांबल्या.

"ताई? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय." मालनताईने नाक ओढलं. "बरं झालं गं. फार बरं झालं. मी दोन रात्री डोळ्याला डोळा नाही लावला. तू सांगत होतीस आणि मला वाटत होतं, ही माझंच बोलतेय."

"म्हणजे?"

"मी रोज शब्दकोडं सोडवते ते काय हौस म्हणून? घड्याळ लावून सोडवते मी. आईसारखं व्हायला लागलं तर कळावं म्हणून. आणि मंजू, मला वेळ लागतोय. आधी चहा होईपर्यंत व्हायचं, आता दुपार होते. दिवाळीपासून बघतेय मी. तुला कसं सांगणार होते? तूच रडत आलीस माझ्याकडे."

पिठल्याच्या ताटावरची ती गप्प ताई, उशीखाली सारलेला पेपर, घड्याळाकडे लागलेली नजर, सगळं एकदम मंजुळाबाईंच्या डोळ्यांपुढे आलं. पण या वेळी त्यांनी निदान केलं नाही. पेशंटला जे विचारायचं असतं ते विचारलं.

"ताई, कोडं कुठलं सोडवतेस?"

"कुठलं म्हणजे? पेपरातलं."

"तोच पेपर, दिवाळीच्या आधीपासून?"

"तो कुठे? तो बंद केला मी, दिवाळीला. त्यात लहान मुलांचं पान होतं, त्यातलं कोडं सोडवायचे. हा नवा घेते, ह्याच्यात मोठं येतं, पूर्ण पानभर. काय ते एकेक अवघड शब्द... " मालनताई बोलता बोलता थांबली.

मागच्या बसने हॉर्न वाजवला. पुढची बस अख्खी गाडीभर पुढे सरकली होती. मंजुळाबाई तिथेच होत्या, फोन कानाला, आणि पलीकडे त्यांची साठ वर्षांची बहीण आधी हुंदका देत होती आणि मग हसत होती, आणि दोन्हींतलं कुठलं कुठे संपतंय ते कळत नव्हतं.

"अगं, मुलांचं पान होतं ते," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मुलांचं पान!"

"शनिवारी येते मी," मंजुळाबाई म्हणाल्या आणि त्यांनी गिअर टाकला. "आणि ते घड्याळ भिंतीवरून काढून ठेव."